मूळ प्रत, वाजवू नये

एक

स्टुडिओत दाटीवाटीनं उभी असलेली सगळी माणसं श्वास रोखून ऐकत होती, आणि ऐकू काय येत होतं, तर नुसती खरखर.

रेडिओ केंद्राला दुसऱ्या दिवशी पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्या भागातलं हे पहिलं केंद्र. ते सुरू होण्याआधी रेडिओ म्हणजे राजधानीतल्या लोकांनी राजधानीतल्या लोकांशी मारलेल्या गप्पा, आणि आपण आपले भिंतीला कान लावल्यासारखे ऐकायचे. मग शहराबाहेरच्या माळावर एक उंच खांब उभा राहिला, मध्यम लहरींवर आपल्याच बोलीत कुणीतरी बाजारभाव सांगू लागलं, आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की यंत्रालाही आपली भाषा येते.

त्या पहिल्या सकाळची टेप केंद्रानं जिवापाड जपली होती. डब्यावर जुन्या शाईत लिहिलं होतं, ‘मूळ प्रत, वाजवू नये’, आणि पन्नास वर्षांत कुणी ती वाजवली नव्हती. आता ती संग्रहालयात जाणार होती. केंद्राचे संचालक नवे होते, उत्साही होते आणि उत्साही माणसाला असते तेवढीच घाई त्यांना होती. देण्याआधी एकदा ऐकूया तरी, असं त्यांनी ठरवलं. टेप यंत्रावर चढली. खरखर. साहेबांनी ती थोडी पुढे पळवली. खरखर. अगदी शेवटाकडे नेली. तिथंही खरखरच.

“टेप पुसली गेलीय,” साहेब म्हणाले आणि त्यांनी सरळ रीळभाऊकडे पाहिलं.

रीळभाऊ म्हणजे टेपसंग्रहाचा राखणदार. खरं नाव पगारपत्रकापुरतं, बाकी सगळ्यांना तो रीळभाऊ. महिनाअखेरीस निवृत्त व्हायचा होता. एके काळी नव्या टेपा मिळायच्या नाहीत, म्हणून जुन्या पुसून त्यांवरच नवे कार्यक्रम करायची पद्धत होती. केंद्रानं आपला निम्मा इतिहास असा आपल्याच हातानं पुसला होता. उरलेला निम्मा वाचला तो रीळभाऊ कपाटाला पाठ लावून उभा राहिला म्हणून. त्याच्यावरच आता टेप पुसल्याचा आळ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कपाटाची किल्ली तुमच्याकडे, जबाबदारी तुमची, उद्याचा समारंभ झाला की चौकशी सुरू, असं साहेबांनी जाहीर करून टाकलं. रीळभाऊच्या तोंडचं पाणी पळालं. तो टेप डब्यात ठेवत राहिला, आणि ती काही केल्या नीट बसेना.

गर्दीत मागं बातमीताई उभी होती. अर्धं आयुष्य तिनं या केंद्रावरून संध्याकाळच्या बातम्या वाचल्या होत्या, आणि उद्याच्या समारंभाचं सूत्रसंचालन करायला तिला घरून बोलावून आणलं होतं. बातमी कुठली आणि अफवा कुठली हे निवडण्यात तिची हयात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर लोक तिच्याकडे हरवलेल्या अंगठीपासून फिसकटलेल्या सोयरिकीपर्यंत वाट्टेल ती कोडी घेऊन यायचे. ती तक्रार करायची, पण एकही कोडं परत पाठवायची नाही.

उद्याच्या समारंभापर्यंत साहेबांनी वरिष्ठांना काही कळवू नये, तोवर मी जरा विचारपूस करते, एवढंच ती म्हणाली. साहेबांनाही समारंभाआधी बोभाटा नकोच होता. ते लगेच कबूल झाले.

पॅसेजमध्ये रीळभाऊनं तिला गाठलं. आवाज अगदी खाली आणून तो म्हणाला, “ताई, साहेबांसमोर बोललो नाही. गेल्या आठवड्यात दोघं जण ही टेप बघायला आले होते. आणि ते दोघं नसते तर हे केंद्रच नसतं.”

दोन

टेपांची खोली थंड आणि कोरडी होती. रीळभाऊनं तिच्यासाठी स्टूल पुसलं, स्वतः उभाच राहिला.

पहिले आले ते नाना. पहिल्या सकाळी मंत्र्यांच्या आधी माइकवर बोलले ते नाना. मुलखात त्यांची ओळखच ‘पहिला आवाज’ अशी होती. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा होता, रस्त्यात लहान मुलं त्यांच्या आवाजाची नक्कल करायची, आणि दर वाढदिवसाला ते माइकसमोर बसून त्या सकाळचं तेच वाक्य तसंच म्हणायचे. डबा मांडीवर घेऊन ते बराच वेळ बसून राहिले, असं रीळभाऊ म्हणाला. तो चहा सांगायला गेला तेवढा वेळ ते एकटे होते.

दुसरे आले इंजिनिअरकाका. माळावरचा खांब आणि त्याखालचं प्रक्षेपण यंत्र त्यांनीच उभं केलं होतं, डब्यावरची अक्षरंही त्यांचीच. टेप साफ करायला घरी नेतो म्हणाले. रीळभाऊनं नाही म्हटलं. काका दोनदा आर्जव करून गेले, आणि आयुष्यात कुणाकडे कधी काही न मागणारा माणूस असा गळ घालतो याचंच रीळभाऊला नवल वाटलं. मध्ये साहेबांचा फोन आला म्हणून तो उठून गेला होता, तेवढा वेळ काकाही एकटे होते.

“इथं टेप पुसायचं यंत्र कुठे असतं?” बातमीताईनं विचारलं.

रीळभाऊच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदाच थोडं हसू आलं. ते यंत्र त्यानं भांडून भांडून भंगारात काढायला लावलं होतं, त्याला पुष्कळ वर्षं झाली. ज्या दिवशी ते गेलं त्या दिवशी त्यानं सगळ्यांना चहा पाजला होता.

मग ती सहज म्हणाली की पहिल्या दिवशी ही टेप माइकच्या तारेवरूनच भरली असेल ना. रीळभाऊनं जोरात मान हलवली. काकांच्या काळात तसं चालायचंच नाही. आपण काय बोललो ते जपायचं नाही, ऐकणाऱ्याला काय ऐकू गेलं ते जपायचं, असा त्यांचा दंडक होता. म्हणून महत्त्वाची टेप नेहमी एका साध्या रेडिओ संचावरून भरायची. माळावरच्या खांबावरून निघालेलं जे काही त्या संचाला पकडता येईल, तेच टेपेवर जायचं.

ती निघाली. पॅसेजमध्ये त्या पहिल्या सकाळचा फोटो होता, तिनं तो हजारदा पाहिलेला. माइकसमोर भाषण करणारे मंत्री, शेजारी कोवळे नाना, मागच्या रांगेत त्या वेळचा सगळा कर्मचारीवर्ग छाती पुढे काढून, आणि टोकाला दिव्यांच्या झोताला डोळे बारीक केलेले तरुण इंजिनिअरकाका. फोटोच्या काचेत तिला स्वतःचे पांढरे केसही दिसले. तिनं ते सारखे केले आणि काकांच्या घराचा रस्ता धरला.

काकांनी दार उघडलं. केंद्रातली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ती कशाला आलीय हे त्यांनी विचारलंही नाही.

“टेप मी पुसली,” ते म्हणाले. “रीळभाऊला त्रास देऊ नको. माझं नाव सांग.”

तीन

गुन्हेगार स्वतःहून पुढे आला की तपास करणाऱ्याला आनंद व्हायला हवा. बातमीताईला तो झाला नाही. तिनं चप्पल काढली, आत जाऊन खुर्चीवर बसली आणि पाणी मागितलं.

काकांचं घर म्हणजे एका माणसाचं घर. टेबलावर उघडा पडलेला रेडिओ, एक खुर्ची बसायची आणि दुसरी कागद ठेवायची. काकू जाऊन काही वर्षं झाली होती. तिची चष्म्याची डबी अजून खिडकीत होती. काकांनी पाणी आणलं, आणि टेप कशी पुसली हेही मुद्देसूद सांगितलं. रीळभाऊ फोनवर गेल्यावर कोपऱ्यातल्या पुसायच्या यंत्रावर टेप ठेवली, बटण दाबलं, झालं. का पुसली, यावर मात्र त्यांची गाडी अडली. म्हातारपणी माणूस काहीही करतो, एवढंच ते म्हणाले.

“काका, ते यंत्र भंगारात जाऊन जमाना झाला,” ती म्हणाली.

पन्नास वर्षं यंत्रांशी खरं बोललेला माणूस माणसांशी खोटं बोलायला बसला की अशी पंचाईत होते. बातमीताईला त्यांचा राग आला नाही. हा माणूस कुणाला तरी पाठीशी घालत होता. नानांना? दोघांची मैत्री सगळ्या गावाला ठाऊक होती. पण नानांनी स्वतःचाच आवाज कशासाठी पुसावा? ज्या टेपेवर आपली सगळी पुण्याई आहे तिला कोण हात लावेल?

तिनं पुन्हा विचारून पाहिलं. काकांनी उघडा रेडिओ पुढे ओढला आणि एक स्क्रू उगाच घट्ट करत बसले. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा मात्र हळूच म्हणाले, “नानाला यातलं काही कळता कामा नये. उद्या त्याचा दिवस आहे. तेवढं करशील ना ताई?”

तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बातम्या वाचणाऱ्यांना ही कला अवगत असते.

चार

केंद्राच्या पाहुण्यांच्या खोलीत घड्याळजी येऊन उतरले होते. डोंगररांगेच्या पलीकडच्या गावात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. पहिल्या दिवशी तिकडच्या मुलखात हे केंद्र ऐकणारा एकमेव माणूस आपणच, असा त्यांचा दावा, आणि दर मोठ्या समारंभाला केंद्र त्यांना बोलावून सत्कार करायचं. खरं सांगायचं तर सत्कारापेक्षा त्यांच्या गोष्टीची मजा घ्यायला जास्त. कारण घड्याळजी शपथेवर सांगायचे की पहिल्या दिवशी रेडिओवर नानाबिना कुणी नव्हते, मंत्रीही नव्हते, एक बाई नवऱ्याला जेवायला बोलावत होती. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं कुठलीतरी श्रुतिका डोक्यात घोळवून ठेवलीय.

बातमीताईनंही ही गोष्ट आधी हसत ऐकली होती. आज तिनं हसू बाजूला ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

घड्याळजी खूश झाले. त्या दिवशी ते नव्या केंद्राची वाट बघत सकाळपासून रेडिओला चिकटून बसले होते. काही म्हणजे काही ऐकू येईना. शेवटी गच्चीवर रेडिओ नेला, तार लांब बांधली. धाकटा भाऊ रेडिओच्या काट्यावर बॅटरीचा उजेड धरून कंटाळला, झोपायला जातो म्हणून कुरकुरायला लागला. आणि एकदम बाईचा आवाज. इतका स्वच्छ, की शेजारच्या गच्चीवर उभी आहे असं वाटावं.

“शब्द आठवतात?”

“न आठवायला काय झालं? ती म्हणाली, ‘अहो, जेवण गार होतंय. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. फोटो झाला ना काढून? मग चला आता.’ आणि मग खुर्ची सरकल्यासारखा आवाज, आणि बंद.” घड्याळजींनी हात जोडले. “ताई, पन्नास वर्षं लोक मला हसतायत. तुम्हीही हसा. पण मी ऐकलं ते ऐकलं.”

बातमीताई हसली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. भाऊ बॅटरीचा उजेड धरून उभा होता. उद्घाटन तर सकाळी झालं होतं.

केंद्रात नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक वाक्य ऐकवलं जायचं: दिवसा आपण जिल्ह्याचे, अंधार पडला की दुनियेचे. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, डोंगर आडवा आला की थांबतात. सूर्य मावळला की त्याच लहरी वर आकाशावर आपटून दूर दूर उतरतात. म्हणजे घड्याळजींना डोंगरापलीकडे सकाळचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. आणि त्यांनी जे ऐकलं, ते अंधार पडल्यावर कुणीतरी खरोखर बोललं होतं.

पण अंधार पडल्यावर त्या दिवशी कार्यक्रमच नव्हता. नियमित प्रक्षेपण सुरू झालं ते दुसऱ्या दिवसापासून.

मग कोण बोललं? आणि कुठून?

पाच

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रीळभाऊकडून दोन टेपा मागितल्या. एक ती पहिल्या दिवसाची, आणि दुसरी कुठलीही, पूर्वीच्या काळी पुसून कोरी ठेवलेली. अशी एक अडगळीत निघाली. तिनं कानाला हेडफोन लावले आणि आधी कोरी ऐकली. एकसारखी बारीक सळसळ, बाकी काही नाही. मग पहिल्या दिवसाची लावली आणि या वेळी टेप पुढे न पळवता शांतपणे ऐकत बसली. काल सगळ्यांनी चार घास इकडचे, चार तिकडचे चाखले होते, पूर्ण ताट कुणी वाढून घेतलंच नव्हतं.

या टेपेवरची खरखर वेगळी होती. ती मध्येच वाढत होती, मध्येच मंदावत होती. कुठेतरी लांब वीज चमकली की रेडिओत जी कडकड होते, तशी कडकड एकदा आली, मग पुन्हा. कुणी खोलीतला दिवा लावला असावा, तसा टक् आवाज आला. तिनं हेडफोन काढून रीळभाऊच्या कानाला लावले. तो ऐकत राहिला आणि हळूहळू त्याचे खांदे सैल झाले.

“ताई, ही पुसलेली नाही,” तो म्हणाला. “पुसलेल्या टेपेत वीज कुठून कडाडणार? ही भरलेली आहे. हा संच चालू होता.”

“चालू होता. आणि त्याला पकडायला काहीच नव्हतं,” ती म्हणाली.

पॅसेजमध्ये जाऊन तिनं फोटो पुन्हा पाहिला. हजारदा पाहिलेला फोटो, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मंत्री माइकवर बोलतायत, म्हणजे प्रक्षेपण चालू आहे. मागं सगळा कर्मचारीवर्ग, एकूण एक माणूस. टोकाला इंजिनिअरकाका. ते इथं, स्टुडिओत उभे आहेत, तर मग माळावरच्या यंत्राजवळ कोण आहे?

कुणीच नाही.

ती पुन्हा काकांच्या दारात उभी राहिली तेव्हा तिला काही विचारावं लागलं नाही. तिनं फोटो, घड्याळजींची बाई आणि टेपेतली वीज एवढं सांगितलं, आणि काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. एवढी वर्षं पाठीवर वाहिलेलं ओझं उतरवायला कुणीतरी जागा दाखवली की माणूस आधी जरा भांबावतो, तसे ते भांबावले.

यंत्राला एकटं सोडायचं नाही, हा प्रक्षेपणातला पहिला नियम. त्या सकाळी काकांनी यंत्र सुरू केलं, सगळे दिवे लागले, आणि तेवढ्यात तेव्हाच्या साहेबांची गाडी त्यांना न्यायला आली. मंत्र्यांबरोबर फोटो आहे, सगळा स्टाफ पाहिजे, एक माणूस कमी दिसला तर काय म्हणतील. काका नवे होते, गेले. त्यांची पाठ वळताच यंत्राचा संरक्षक खटका पडला आणि ते बंद झालं. तिकडे स्टुडिओत माइकचा आवाज हॉलमधल्या कर्ण्यावर खणखणीत ऐकू येत होता, त्यामुळे आपण हवेत नाही आहोत याचा कुणाला संशयही आला नाही. गावात रेडिओ असलेली बडी मंडळी सगळी निमंत्रणावरून हॉलमध्येच बसलेली. बाकीच्यांना वाटलं आपलाच संच बिघडला. दुरुस्ती करणाऱ्याची त्या दिवशी चांदी झाली.

संध्याकाळी काका माळावर परतले तेव्हा यंत्र थंडगार पडलेलं. ते घाबरून कामाला लागले. अंधार पडल्यावर यंत्र पुन्हा धडधडायला लागलं, त्यांनी चाचणीचा माइक टेबलावर उघडा ठेवला आणि आवाज हवेत जातोय का ते दाखवणाऱ्या सुयांकडे बघत बसले. शेजारच्याच क्वार्टरमधून काकू त्यांना जेवायला बोलवायला आली. तिला माइक काय ठाऊक? ती दारात उभी राहून बोलायचं ते बोलली, आणि सुया हलल्या.

“त्या सुया हलताना बघितल्या आणि मला रडू आलं,” काका म्हणाले. “केंद्राचा पहिला शब्द. आमच्या हिचा. दुसऱ्या दिवशी टेप ऐकली, खात्री झाली. साहेबांना सांगायला निघालो होतो, तर सगळा गाव नानाला खांद्यावर घेऊन नाचत होता. तेवीस वर्षांचं पोर. माझी चूक, आणि त्याचा आनंद काढून घ्यायचा? हिला विचारलं. ती म्हणाली, कुणाला सांगू नका हो, लोक मला हसतील. मग मी डब्यावर लिहून टाकलं, वाजवू नये.”

टेप फेकून का नाही दिली, असं बातमीताईनं विचारलं. खरी नोंद फेकून देता येते, हे काकांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

सहा

कोडं सुटलं होतं, आणि तिथूनच खरी अडचण सुरू होत होती. खरं सांगितलं तर रीळभाऊ सुटत होता आणि नाना बुडत होते. लपवलं तर नाना पहिला आवाज राहत होते आणि रीळभाऊ कपाळावर डाग घेऊन घरी जात होता. बातमीताईला दोघंही प्रिय होते. तिला सगळ्यात सोपं होतं ते साहेबांच्या कानात सांगून मोकळं होणं. पण नानांची गोष्ट नानांच्या पाठीमागे सांगायला तिचं मन घेईना. दुपारी ती त्यांच्या घरी गेली.

नाना कपडे करून तयार बसले होते. समारंभाआधी घसा जपायचा म्हणून ते कालपासून कुणाशी बोलले नव्हते. तिनं काही न वगळता, एकही शब्द मऊ न करता सगळं सांगितलं, जशी बातमी सांगतात तसं. ती थांबल्यावर नानांनी विचारलं, “मग त्या सकाळी मी कुणाशी बोललो, ताई?”

“हॉलशी,” ती म्हणाली.

काका मला कधीच का बोलला नाही, असं नाना स्वतःशीच पुटपुटले, आणि उत्तरही त्यांना लगेच मिळालं असावं, कारण त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले की गेल्या आठवड्यात ते डबा मांडीवर घेऊन बसले होते ते एवढ्याचसाठी, की आपला तेव्हाचा आवाज मरायच्या आधी एकदा ऐकावा. वाजवू नये लिहिलेलं वाचून त्यांनी तो तसाच परत दिला.

“हे तू साहेबांना परस्पर सांगू शकली असतीस.”

“सांगणार आहेच, नाना. रीळभाऊला असा घरी जाऊ देणार नाही मी. पण आधी तुम्हाला.”

नाना उठले. निघायला हवं, उशीर होईल, एवढंच म्हणाले. गाडीत ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि बातमीताईला पहिल्यांदाच वाटलं की आपण फार मोठी चूक करून बसलो.

हॉल भरला होता. साहेब, संग्रहालयाची माणसं, पहिल्या रांगेत घड्याळजी, आणि सगळ्यात मागं, दाराशी, बसायला जागा असूनही उभा असलेला रीळभाऊ. समारंभ थेट हवेत जात होता. बातमीताईनं चार शब्द बोलून नानांचं स्वागत केलं, दरवर्षी करायची तसंच, फक्त ‘पहिला आवाज’ हे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. नाना माइकसमोर बसले आणि गप्प राहिले. रेडिओवर शांततेसारखी भीतिदायक गोष्ट नाही. साहेबांनी घाम पुसला.

“नमस्कार,” नाना म्हणाले. आवाज तोच होता, खालच्या पट्टीतला, सावकाश. “या केंद्राचा दुसरा आवाज बोलतोय.”

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. मग नानांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि ती ते अशी सांगत गेले की माणसं ऐकतच राहिली. मंत्री आणि ते स्वतः बंद यंत्रापुढे किती ऐटीत बोलले, हे त्यांनी मंत्र्यांच्या आणि स्वतःच्या तेव्हाच्या सुरात करून दाखवलं. डोंगरापलीकडच्या घड्याळजींना उभं करून सगळ्यांच्या वतीनं माफी मागितली. टेप कुणी पुसलेली नाही, ती अगदी खरी आहे, त्या सकाळी हवेत जे गेलं तेच तिच्यावर आहे, आणि ती ज्यानं सांभाळली त्या माणसानं आमच्यापेक्षा जास्त इमानानं केंद्र सांभाळलं, असं म्हणून त्यांनी दाराकडे हात केला. सगळ्या माना मागं वळल्या. रीळभाऊला कुठं बघावं ते कळेना. साहेब खुर्चीवरून उठले, भर सभेत मागं चालत गेले आणि त्याचा हात धरून त्याला पुढच्या रांगेत घेऊन आले. आपण घाई केली, चुकलो, असं ते चालता चालता म्हणाले ते जवळच्या सगळ्यांनी ऐकलं.

शेवटी नानांनी तो पहिला शब्द सांगितला, घड्याळजींनी जसा ऐकला होता तसाच, काकूच्या सुरात. हॉल खदखदून हसला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

काका समारंभाला आले नव्हते. सगळं आटोपल्यावर बातमीताई त्यांच्याकडे गेली तेव्हा दार उघडंच होतं. काका कागदांच्या खुर्चीवरचे कागद खाली ठेवून तिथं बसले होते. रेडिओ चालू होता, आता त्यावर कुणी गात होतं. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि चेहरा मात्र एकदम हलका दिसत होता.

“तिला फार भीती होती, लोक हसतील म्हणून,” ते म्हणाले. “आज हसले. सगळे हसले, मी ऐकलं.” त्यांनी खिडकीतल्या चष्म्याच्या डबीकडे पाहिलं. “तिला आवडलं असतं गं.”

बातमीताईनं खुर्ची ओढली आणि ती त्यांच्याशेजारी बसली. रेडिओ दोघांनीही बंद केला नाही.